हिपॅटायटिस बी आणि एमबीबीएसची मुलं: सर्व्हेत नेमकं काय विचारायचं?

नेरूळ_सेकंडइयर

नमस्कार. नवी मुंबईतल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. हिपॅटायटिस बी टाळण्याबद्दल एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना काय माहीत असतं आणि त्यांचा दृष्टिकोन काय असतो, असा छोटा प्रकल्प करतेय. आकार एसटीएससारखाच (आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन योजना), दोन महिन्यांत संपवायचा. इनटेक १५०, म्हणजे चार वर्षांचे मिळून साधारण ६००. इंटर्न सध्या धरलेले नाहीत.

गूगल फॉर्मवर ३० प्रश्न तयार आहेत: १५ ज्ञानाचे, १० दृष्टिकोनाचे (पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत) आणि ५ कृतीचे. पण वर्गातल्या काही जणांकडून भरून घेतला तर ज्ञानाचं जवळपास सगळं बरोबर आलं, आणि "लस घेणं महत्त्वाचं आहे असं मला वाटतं" यावर सगळेच पूर्ण सहमत. मग यातून निघणार काय? कृतीच्या भागात "लसीकरण पूर्ण झाले आहे का? हो/नाही" असा प्रश्न आहे, त्यालाही बहुतेकांचं "हो".

विचारायचंय ते असं. प्रश्न कसे बदलू? सॅम्पल किती घेऊ? आणि गाइडचं म्हणणं आहे की जमलं तर टायटरही (लशीमुळे रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडींची पातळी) करून घे. ते झेपेल का? पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र), मायक्रो (सूक्ष्मजीवशास्त्र) किंवा इन्फेक्शन कंट्रोलमधल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

पीएसएमचा_बाक

तुमचा मसुदा मुलांचं पाठांतर मोजतोय. ०-१-६ (लशीच्या तीन डोसांचे महिने) कुणाला येत नाही? ते पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं. "लस महत्त्वाची आहे" याला असहमत म्हणणारा मेडिकलचा विद्यार्थी सापडला तर त्याच्यावर केस रिपोर्ट लिहा.

पहिली दुरुस्ती "पूर्ण झाले का" या प्रश्नात. तो फोडा. किती डोस घेतले: ०, १, २, ३, आठवत नाही. शेवटचा डोस कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी. कार्ड किंवा नोंद आत्ता दाखवता येईल का: फोनमध्ये फोटो आहे, घरी आहे, नाही. लहानपणी घेतली की कॉलेजात आल्यावर. "हो" म्हणणाऱ्यांपैकी किती जण महिना-वर्ष सांगू शकतात आणि किती जण कागद दाखवतात, ही उतरंड म्हणजेच तुमचा मुख्य निकाल. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

लहानपणच्या लसीचा मुद्दा तुमच्या वयाच्या मुलांसाठी खास महत्त्वाचा. सरकारी कार्यक्रमात हिपॅटायटिस बी २००२-०३ मध्ये प्रायोगिक पातळीवर आली, २००७-०८ मध्ये काही राज्यांत वाढली आणि २०११ मध्ये देशभर झाली. आज एमबीबीएसला असलेली पिढी बरोबर या सांध्यावर जन्मलेली. एकाच बाकावर तीन मुलं असतील: एकाला सरकारी केंद्रात मिळाली, दुसऱ्याला खासगी बालरोगतज्ज्ञांनी वेगळी टोचली, तिसऱ्याला मिळालीच नाही. आणि तिघंही "लहानपणी सगळ्या लसी झाल्यात" असंच सांगणार. म्हणून "आठवत नाही" हा पर्याय ठेवाच. तो नसेल तर लोक "हो"वर टिक करून मोकळे होतात.

दृष्टिकोनासाठी सहमत-असहमतपेक्षा छोटे प्रसंग द्या. उदाहरणार्थ: "रात्री दोन वाजता वॉर्डात रक्त घेताना वापरलेली सुई बोटाला लागली. रुग्णाचा रिपोर्ट माहीत नाही. सकाळी वायवा (तोंडी परीक्षा) आहे. तुम्ही काय कराल?" पर्याय: लगेच कॅज्युअल्टीत जाऊन नोंद करीन, धुऊन सकाळी सांगीन, सीनियरला विचारून तो म्हणेल तसं करीन, काही करणार नाही. यातलं शेवटचं कुणी निवडत नाही, पण दुसरा आणि तिसरा पर्याय भरपूर निवडले जातात. तिथेच तुमचा दृष्टिकोन सापडेल. सहमत-असहमतची वाक्यं ठेवायचीच असतील तर निम्मी उलट्या बाजूची लिहा ("ग्लोव्ह्ज घातले असतील तर लस न घेतलेली चालते") आणि गुण मोजताना ती उलटवायला विसरू नका. पाचातले तीन मुलगे सगळीकडे एकच रकाना भरत सुटतात, ते उलट्या वाक्यांत पकडले जातात. ("पाचातले तीन" हा आकडा वैतागाचा आहे, थिसिसमध्ये घालू नका.)

ज्ञानाचे १५ वरून ८ वर आणा आणि प्रत्येकात "माहीत नाही" द्या, नाहीतर तुम्ही अंदाजाचे गुण मोजाल. आपल्याकडे पावसाळ्यात काविळीची साथ म्हटलं की पाणी उकळण्याचा सल्ला डोक्यात येतो. तो हिपॅटायटिस ए आणि ई साठी. पहिल्या वर्षाची मुलं बी लाही तोच लावतात, म्हणून "दूषित पाण्यातून पसरतो" हे विधान जरूर ठेवा. वर्षागणिक फरक त्यात स्पष्ट दिसेल.

सॅम्पल: ५० टक्के प्रमाण आणि ५ टक्के चूक धरली तर सूत्राने ३८४ येतात. पण तुमची एकूण संख्याच ६०० असल्याने दुरुस्ती लावायची: ३८४ भागिले (१ + ३८३/६००), म्हणजे सुमारे २३५. दहा टक्के गळती धरून २६१. हे चार वर्षांत वाटलं तर दर वर्षी ६५ येतात. एकूण आकड्याला ते ठीक, पण पहिलं वर्ष विरुद्ध शेवटचं अशी तुलना करायला तोकडं. माझं मत विचाराल तर ६०० मुलांसाठी सॅम्पल काढतच बसू नका, सगळ्यांना घ्या. लेक्चर संपल्यावर १५ मिनिटं, सगळ्यांनी एकाच वेळी, त्या विषयाचे शिक्षक वर्गाबाहेर. लिंक ग्रुपवर टाकून "आठवड्यात भरा" म्हणालात की पहिल्या रात्रीच उत्तरं ग्रुपवर फिरतात.

एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही फॉर्म भरून घेऊ नका. वर्गातल्या चाचणीचा डेटा मुख्य विश्लेषणात धरू नका.

सूक्ष्मजीव

टायटरबद्दल. झेपेल, पण आधी काय मागवायचं ते पक्कं करा. लॅबच्या काउंटरवर रोज होणारा गोंधळ म्हणजे "हिपॅटायटिस बीची टेस्ट" असं मोघम सांगणं. समोरचा एचबीएसएजी (सध्याचा संसर्ग शोधणारी अँटिजेनची चाचणी) लावतो, "निगेटिव्ह" रिपोर्ट येतो आणि मुलगा खूश. तो रिपोर्ट फक्त एवढंच सांगतो की आज अँटिजेन सापडलं नाही. तुम्हाला हवं ते अँटी-एचबीएस (संरक्षण देणाऱ्या अँटिबॉडी), आणि तेही क्वांटिटेटिव्ह, म्हणजे आकड्यात. नुसतं "रिअॅक्टिव्ह" आलं तर ८ आणि ८०० मधला फरक कळत नाही. १० मिली इंटरनॅशनल युनिट प्रति मिली किंवा त्याहून जास्त म्हणजे संरक्षण आहे.

वेळ त्याहून महत्त्वाची. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांत केलेल्या टायटरचाच अर्थ सरळ लागतो. त्या खिडकीत एकदा १० च्या वर आलं की निरोगी माणसाला पुढे ना टायटर लागतं ना बूस्टर, नंतर आकडा खाली गेला तरी. "दर पाच वर्षांनी बूस्टर" ही समजूत डॉक्टरांतही आहे, तुमच्या ज्ञानाच्या भागात हा प्रश्न घालाच.

आता तुमच्या प्रकल्पाची खरी अडचण. ज्याने बालपणी लस घेतली त्याचं टायटर आज १० च्या खाली येणं अगदी सामान्य आहे, आणि तेवढ्यावरून "लस लागली नाही" म्हणता येत नाही. स्मृती पेशी शाबूत असू शकतात. अशाला एक डोस देऊन १-२ महिन्यांनी पुन्हा तपासायचं. वर गेलं तर विषय संपला. तरीही १० च्या खालीच राहिलं तर आणखी दोन डोस देऊन मालिका पूर्ण करायची आणि पुन्हा १-२ महिन्यांनी टायटर. ज्याने मोठेपणी तीन डोस वेळेत घेऊन लगेच केलेलं टायटर १० च्या खाली आलं, त्याला दुसरी पूर्ण मालिका. सहा डोसांनंतरही खालीच असेल तर तो नॉन-रिस्पॉन्डर. त्याचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (विषाणूचा संसर्ग झाल्याची खूण) पाहायचं, कारण कधीकधी माणूस आधीच संसर्गित निघतो. थोडक्यात, तुमच्या दोन महिन्यांत एकदाच रक्त घेऊन "इतके टक्के सुरक्षित, इतके असुरक्षित" असं लिहाल ते चुकीचं ठरेल. टायटर करायचंच तर ज्यांचा तिसरा डोस गेल्या १-२ महिन्यांत झालाय अशांपुरतं करा, किंवा सोडून द्या. मी सोडून द्या म्हणेन.

अजून एक सापळा: लस टोचल्यावर साधारण तीन आठवडे लशीतलंच अँटिजेन रक्तात सापडू शकतं. त्या काळात केलेली एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली की होस्टेलवर हाहाकार. म्हणून कॉलेजला एचबीएसएजी करायचीच असेल तर डोसच्या आधी रक्त घ्यायचं.

लागण्याचं प्रमाण किती हेही विचारा, पण आकडा पाठ म्हणून नको, क्रम लावायला सांगा. लस न घेतलेल्याला पॉझिटिव्ह रुग्णाची सुई लागली तर एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के, हिपॅटायटिस बीचा, रुग्ण ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह असेल तर, ३० टक्क्यांपर्यंत. मुलं घाबरतात एचआयव्हीला. ज्याच्यावर उत्तम लस आहे त्या विषाणूची भीती सर्वांत कमी.

खारघर_इंटर्न

तिसरा डोस का राहतो याचं उत्तर वेळापत्रकात आहे, दृष्टिकोनात शोधत बसू नका. अॅडमिशन लांबून पहिला डोस ऑक्टोबरात, दुसरा नोव्हेंबरात, तिसरा येतो एप्रिलात. तेव्हा परीक्षा किंवा सुट्टी, अर्धं होस्टेल लातूर-नांदेडला. लसीकरणाचा कॅम्प एकच दिवस, ११ ते १. जो चुकला तो चुकला.

फॉर्ममध्ये "तिसरा डोस न घेण्याचं कारण" विचारा आणि पर्यायांत "त्या दिवशी गावी होतो", "कॅम्पची वेळ पोस्टिंगमध्ये होती", "उशीर झाल्याने पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागेल असं वाटलं" हे घाला. शेवटचं तर फारच जण मानतात. उशीर झाला म्हणून मालिका पुन्हा सुरू करावी लागत नाही, जिथे थांबलात तिथून पुढे. उलट घाई असेल तर किमान अंतरं अशी: पहिला-दुसरा ४ आठवडे, दुसरा-तिसरा ८ आठवडे, पहिला-तिसरा १६ आठवडे. ऑक्टोबरचा पहिला असेल तर फेब्रुवारीच्या सुमारास तिसरा बसतो, परीक्षेच्या आधी.

दुसरं: बरेच जण कॅम्प चुकल्यावर दुकानातून व्हायल घेतात आणि ठाण्याहून नेरूळपर्यंत लोकलमधून बर्फाच्या पिशवीत घालून आणतात. बर्फ थेट काचेला लागला की लस गोठते आणि गोठलेली ही लस वाया जाते. २ ते ८ अंश हवं, शून्याखाली नको. त्यात अॅल्युमिनियमचा अॅडज्युव्हंट (लशीचा परिणाम वाढवणारा घटक) असतो. गोठून वितळल्यावर त्याचे कण गुठळतात, बाटली हलवून ठेवली की गाळ भराभर खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. चांगली लस बराच वेळ एकसारखी गढूळ राहते. बर्फ आणि व्हायल यांच्यात पुठ्ठा किंवा जाड कापड, किंवा सरळ तिथल्याच दवाखान्यात टोचून घ्या. मोठ्यांना १ मिली (२० मायक्रोग्रॅम), दंडाच्या डेल्टॉइडमध्ये. कमरेवर घेतलेला डोस धरत नाहीत, चरबीत लस नीट लागत नाही.

ठाणे_आयसीएन

इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून लिहिते. तुमच्या फॉर्ममध्ये सुई लागण्याचा एकच प्रश्न असेल बहुतेक, "नीडल-स्टिक झाली आहे का". तोही फोडा. गेल्या १२ महिन्यांत किती वेळा, कुठली सुई (पोकळ, शिवायची, ग्लुकोमीटरची लॅन्सेट, स्काल्प व्हेन म्हणजे पंखांची बारीक सुई), काय करताना, कुणाला सांगितलं, किती वेळाने, रुग्णाची तपासणी झाली का. लॅन्सेट आवर्जून लिहा, तिला कुणी सुई समजत नाही आणि ती मोजणीतून सुटते.

"काय करताना" ला हे पर्याय द्या, कारण वॉर्डात घडतं ते याच जागी: टोपण परत लावताना, सिरिंजमधलं रक्त नळीत सोडताना, सुई ट्रेमध्ये किंवा गादीवर ठेवलेली दुसऱ्याने उचलताना, भरलेल्या डब्यात सुई कोंबताना, रुग्णाने हात हलवल्यामुळे. नळीचं जरा सविस्तर सांगते. मुलं डाव्या हातात नळी धरतात, उजव्याने सुई रबरी बुचातून आत दाबतात, बुच घट्ट असतं, जोर लागतो, सुई निसटून डाव्या अंगठ्यात जाते. त्याला ट्रान्सफर डिव्हाइस हा उपाय. तो नसेल तर नळी स्टँडमध्ये उभी ठेवायची, हातात धरायची नाही आणि दांडा दाबायचा नाही, नळीतला व्हॅक्यूम स्वतः रक्त ओढून घेतो. टोपण लावायचंच नाही. अगदीच नाइलाज असेल तर टोपण ट्रेवर आडवं ठेवून एका हाताने सुईनेच उचलायचं.

सुयांचा डबा पांढरा, अर्धपारदर्शक, न भोसकणारा. तीन चतुर्थांश भरला की बंद. डबा हाताच्या अंतरावर असेल तर सुई गादीवर जात नाही, इतकी साधी गोष्ट आहे. म्हणून "तुमच्या पोस्टिंगच्या वॉर्डात डबा बेडपासून किती लांब असतो" हेही विचारा. मुलांच्या वृत्तीला नावं ठेवण्याआधी ते मोजा.

लागल्यावर काय करतात ते विचारताना चुकीचे पर्यायही द्या: बोट पिळून रक्त काढीन, स्पिरिट किंवा ब्लीच लावीन, बोट तोंडात घालीन. बरोबर काय तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, जळजळ करणारं काही लावायचं नाही. डोळ्यात उडालं तर लेन्स असल्या तरी आधी पाणी किंवा सलाइनने धुवायचं, मग लेन्स काढून पुन्हा धुवायचं. मग लगेच कॅज्युअल्टी, नोंद, रुग्णाचं एचबीएसएजी, एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), एचआयव्ही.

नंतर काय ते लस आणि टायटरवर ठरतं. टायटर एकदा १० च्या वर आल्याची नोंद असेल तर हिपॅटायटिस बीसाठी काही करावं लागत नाही. लस झाली पण टायटर माहीत नाही आणि रुग्ण पॉझिटिव्ह, तर लगेच टायटर. कमी आलं तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) एकदा आणि लस पुन्हा सुरू. लसच नाही तर दोन्ही, वेगवेगळ्या जागी. नॉन-रिस्पॉन्डरला इम्युनोग्लोब्युलिन दोनदा, एक महिन्याच्या अंतराने. शक्यतो २४ तासांत, सुईच्या बाबतीत सात दिवसांनंतर उपयोग धरत नाहीत. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा पुस्तकात ०.०६ मिली प्रति किलो लिहिलेली असते, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या व्हायलमध्ये युनिट वेगळे असतात, म्हणून वेष्टण वाचल्याशिवाय मिलीमध्ये ऑर्डर लिहू नये. ते मिळाल्यावर सहा महिने टायटर करून काही कळत नाही, कारण दिसतात त्या बाहेरून आलेल्या अँटिबॉडी.

आणि विद्यार्थ्यांना ही ओळ माहीत आहे का ते विचारा: बायोमेडिकल वेस्ट नियम २०१६ नुसार आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. आपण यातून मागणी करू शकतो हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

पीएसएमचा_बाक

सिस्टरांच्या डब्याच्या अंतराला +१. हा प्रश्न आजवर कुठल्याच प्रश्नावलीत पाहिला नाही आणि तो असायला हवा.

नेरूळ_सेकंडइयर

सगळ्यांचे खूप आभार. टायटर सोडतेय. प्रसंगाचे पाच प्रश्न, डोसची उतरंड आणि सुईचा भाग घेऊन नवा मसुदा करते. इंटर्नही घेईन असं वाटतंय, सुया तर तेच जास्त हाताळतात.

दोन शंका. एक, सर्व्हे चालू असताना कुणी येऊन "मी पॉझिटिव्ह आहे" असं सांगितलं तर? दोन, कार्ड दाखवायला सांगायचं तर फॉर्म निनावी कसा राहील?

सूक्ष्मजीव

पहिल्याबद्दल: तो प्रश्न फॉर्ममध्ये अजिबात घालू नका. कुणी स्वतःहून सांगितलं तर गाइडकडे पाठवा, आणि गाइडने मेडिसिन ओपीडीकडे. तपासणी आणि औषधं राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून मोफत आहेत, २०१८ पासून. पॉझिटिव्ह असणं हे शिक्षण थांबवायचं कारण नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. खोलवर हात जाणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी व्हायरल लोड १००० युनिट प्रति मिलीच्या खाली असावा, एवढी अट त्यांनी सुचवली. बाकी वॉर्ड, ओपीडी, परीक्षा सगळं नेहमीसारखं.

इंटर्न घेताय तर एक जास्तीचा प्रश्न: सुई लागल्यावर एचआयव्हीसाठी दिलेल्या गोळ्यांतलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन हिपॅटायटिस बी वरही चालतं, हे माहीत आहे का? ज्याला आधीच बी आहे आणि माहीत नाही, त्याने २८ दिवसांनी गोळ्या थांबवल्या की यकृताची सूज उसळू शकते. म्हणून त्या गोळ्या सुरू करताना स्वतःचं एचबीएसएजी करून घ्यायचं असतं.

पीएसएमचा_बाक

दुसऱ्याबद्दल: फॉर्मवर नाव नको, तीन अंकी कोड द्या. कोडांच्या चिठ्ठ्या डब्यातून प्रत्येकाने स्वतः उचलायच्या, नाव-कोडची यादी कुणाकडेच नको. कार्ड पाहायला वेगळी व्यक्ती बसवा. ती कोड आणि "पाहिलं, तीन तारखा आहेत / दोन आहेत / नाही" एवढंच लिहील, फोटो काढणार नाही. जुळवणी कोडवरून करा.

आणि मंजुरीच्या अर्जाआधी पहिल्या वर्षाच्या जन्मतारखा बघा. नीटला १७ पूर्ण असलेलं चालतं, त्यामुळे त्या वर्गात काही जण अठराच्या आतले सापडतील. त्यांची नुसती संमती पुरत नाही: पालकांची संमती आणि मुलाचं लेखी अनुमोदन, दोन्ही लागतात. होस्टेलवरच्या मुलांच्या पालकांची सही यायला दोन आठवडे सहज जातात, तेवढे प्रकल्पाच्या दोन महिन्यांतून आधीच वजा करा. नाहीतर अर्जातच वयाची अट १८ ठेवा आणि किती जण त्यामुळे वगळले ते निकालात लिहा.